रिकाम्या गाडीतला पंखा

ती. दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द नेहमीसारखा कागदोपत्री समजू नये. गेले काही दिवस मी गाडीखाली खरोखरच आडवा आहे, फक्त पालथा नसून उताणा.) तुझी पाठ आणि वहिनींचे गुडघे आता बरे असतील असं धरून चालतो, कारण चौकशीत जास्त वेळ घालवण्याइतका धीर आज माझ्यात नाही. दादा, गाडीचा पंखा फिरला! मी फिरवला! दुसऱ्या कुणाचा हात न लागता! आता खुर्चीत नीट बस आणि सावकाश वाच.

तुला फोनवर 'गाडी तापते' एवढंच कळलं होतं आणि त्यावर 'भंगारात दे आणि बाबांना भाड्याच्या गाडीने घेऊन ये' असा निकाल देऊन तू मोकळा झालास. थोरल्या भावांना निकाल द्यायला पुरावा लागत नाही, हे मी लहानपणापासून पाहत आलोय. तर आता पुरावा ऐक. बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्या इथेच उरकून आम्ही घरी येत होतो. पुढे मी आणि ही, मागे बाबा. मोकळ्या रस्त्यावर गाडी शहाण्या मुलासारखी चालली होती. सिग्नलला थांबलो आणि तापमानाचा काटा जो चढायला लागला, तो लाल रेघेला जाऊन टेकला. बॉनेटमधून फुसफुस सुरू. ही म्हणाली, "अहो, धूर येतोय." मी म्हणालो, "धूर नाही, वाफ आहे." (शास्त्रीय फरक समजावून सांगण्याची ती वेळ नव्हती, हे मला नंतर बराच वेळ सांगण्यात आलं.) मागचे सगळे हॉर्न वाजवतायत, मी बॉनेटशी झटतोय आणि बाबा फुटपाथवर काठी टेकून अगदी प्रसन्न उभे. "ही गाडी काही आता लांबच्या प्रवासाची राहिली नाही," असं म्हणाले आणि घरी पोचल्यावर जाहीर केलं, की ऑपरेशनला जाईन तर आपल्याच गाडीने जाईन, परक्या गाडीत मला मळमळतं. म्हणजे बघ, डॉक्टर तुझ्या गावातला, तूच ठरवलेला, तारीख तू घेतलेली, मोतीबिंदू पिकलेला, दुसरा डोळा आधीच अधू, आणखी उशीर केला तर हाही हातचा जाईल असं डॉक्टर बजावतायत आणि सगळं अडलंय एका पंख्यापाशी.

आधी गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याने स्टुलावरून न उठता सांगितलं, "इंजिन खोलावं लागेल." (हा माणूस टायरमध्ये हवा भरायला आलेल्यालाही हेच सांगतो.) तिथून परत आलो तर वरच्या मजल्यावरचे सर्वज्ञ बाल्कनीत हजर. सर्वज्ञ हे त्यांचं आडनाव नाही, आम्ही बहाल केलेली पदवी आहे. तिथून त्यांचं उंटावरून शेळ्या हाकणं सुरू झालं. रेडिएटरचं झाकण उघडा आणि गार पाणी ओता, असा त्यांचा सल्ला. इंजिन गरम असताना ते झाकण उघडलं असतं, तर ऑपरेशनच्या टेबलावर बाबांच्या शेजारी मला झोपवावं लागलं असतं. मी इंजिन पूर्ण गार होईपर्यंत थांबलो, पाणी पाहिलं, ते काठोकाठ होतं. तेव्हा मी ठरवलं, की हे प्रकरण मीच तडीस नेणार. ही म्हणाली, "न्या. पण जेवायला येताना हात धुऊन या." पाठिंबा म्हणतात तो हाच.

दादा, विचार कर. चालत्या गाडीला समोरून वारा लागतो म्हणून ती तापत नाही. थांबली, की वारा घालायचं काम रेडिएटरमागच्या विजेच्या पंख्याचं. मी इंजिन चालू ठेवलं, काटा वर येऊ दिला आणि कान लावून बसलो. पंखा ढिम्म. मग फ्यूज पाहिला. (आधी चुकून वायपरचा काढला, परत लावला, ते सोडून दे.) पंख्याचा फ्यूज शाबूत. त्यानंतर रिले. ही एक काळी डबी असते, ती आतून टिक् करते आणि पंख्याला वीज सोडते. तिची जुळी बहीण शेजारीच बसून हॉर्नचा कारभार बघते. मी पंख्याची डबी उचलून हॉर्नच्या जागी बसवली आणि हॉर्न दाबला. असा वाजला म्हणून सांगू! सर्वज्ञ धावत बाल्कनीत आले आणि "बोलावलंत?" म्हणाले. म्हणजे डबी निर्दोष. ती परत जागेवर बसवून एसी लावला. एसी लावला, की पंख्याने तापमानाची वाट न बघता फिरायला हवं. पण नाही, ढिम्म म्हणजे ढिम्मच. तेव्हा तापमान सांगणाऱ्या सेन्सरवर आळ घेण्यातही अर्थ नव्हता. राहता राहिली पंख्याची मोटर, नाहीतर मोटरकडे जाणारी वायर. माझ्या अंगात तेव्हा असं काही वारं शिरलं होतं, की हिने आणलेला चहा मी बॅटरीवर ठेवला आणि विसरलो.

मोटर जिवंत आहे की मेली, हे बघायचा सरळ उपाय म्हणजे तिचा प्लग काढायचा आणि बॅटरीतून थेट वीज द्यायची. इंजिन बंद केलं, दोन वायरी तयार केल्या, हात आत घातला आणि प्लग चाचपला. काढायचा प्रश्नच नव्हता, कारण तो काढलेलाच होता! नुसता निसटलेला नव्हे. दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या पिशवीचे तुकडे गुंडाळलेले, त्यावर पांढरा दोरा, वेढ्याला वेढा चिकटून, आणि शेवटी ती गाठ. आपल्या घरात धूळ जाऊ नये म्हणून कुठल्याही उघड्या तोंडाला अशी गाठ मारणारा माणूस एकच आहे. तुझ्या पहिल्या सायकलचा पंपसुद्धा असाच बांधलेला असायचा.

दोरा सोडला, प्लग खट्कन बसवला, गाडी सुरू केली, एसी लावला. दादा, पंखा असा गरगरला, की मी गाडीच्या कडेला ठेवलेलं फडकं उडून माझ्याच तोंडावर आलं. मी ते तसंच राहू दिलं आणि हसत सुटलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणायचं तर म्हण, पण वळसा घालून का होईना, कळसा मी शोधला!

बाबांना विचारलं. त्यांनी लगेच कबूल केलं. म्हणाले, "तू गाडी बंद करून घरात आलास तरी आत पंखा फिरत होता. गाडीत चिटपाखरू नाही, मग वारा कुणाला?" तुला वेगळं सांगायला नको. परवा ही जेवताना पाणी आणायला उठली, परत येते तो डोक्यावरचा पंखा बंद. डोळ्यांना दिसत नसलं तरी रिकाम्या खोलीतला पंखा त्यांना तीन भिंतींपलीकडून ऐकू येतो. गाडीतला पंखा थांबेपर्यंत ते थांबले आणि मग नुसत्या हाताने चाचपून त्यांनी प्लग सोडवला, हे मात्र मानलं पाहिजे. इंजिन तापलेलं असेल तर चावी काढल्यावरही पंखा थोडा वेळ फिरतो, ते गाडीच्या भल्याचंच असतं, असं मी त्यांना समजावलं. "बरं," म्हणाले.

संध्याकाळी हिला घेऊन मुद्दाम त्याच सिग्नलला गेलो. लाल दिवा, पुढे मागे गाड्या, काटा मधोमध आला आणि तिथेच बसला. आतून पंख्याचा घर्र आवाज. ही म्हणाली, "हिरवा झाला तरी थांबा थोडं." लग्नानंतर माझ्या कर्तबगारीची तिने एवढी दखल प्रथमच घेतली. येताना गॅरेजवरून गाडी शक्य तितकी हळू नेली. तो स्टुलावरून उठला नाही, पण त्याने पाहिलं.

तेव्हा ठरल्या दिवशी आम्ही तिघं येतोय, तेही आपल्याच गाडीने. वहिनींना नमस्कार.

तुझा विजयी,
धाकटा

ता. क. तुमच्या दारात गाडी बंद केल्यावर पंखा फिरत राहील. बाबांना तिथे रेंगाळू देऊ नका, मोठमोठ्याने बोलत थेट आत न्या.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी सहज बॉनेट उघडलं, तर प्लग पुन्हा काढलेला. प्लास्टिक, दोरा, गाठ, सगळं जिथल्या तिथे. सिग्नलवरून आल्यावर रात्री मी तो जागेवर पाहिला होता आणि काल दिवसभर गाडी जागची हललेलीसुद्धा नाही, म्हणजे पंखा फिरायचा प्रश्नच नव्हता. मी हिला सांगायला गेलो, तर ती म्हणाली, "काल बाबांनी मला हळूच विचारलं, कापताना डोळा उघडाच ठेवतात का गं?"

दादा, वीज वाचवायची नव्हती रे, त्यांना यायचंच नव्हतं. अख्खी गाडी तपासली मी, आणि मागच्या सीटवरचा माणूस घाबरलाय एवढं मला दिसलं नाही. प्लग मी पुन्हा बसवलाय, पंखा झकास फिरतोय, त्याची काळजी करू नकोस. पण धाकट्याकडून धीर घेणं त्यांना जमायचं नाही, आणि हे फोनवरही बोलता येत नाही, कारण त्यांना ऐकू जाणार नाही अशी जागाच या घरात नाही. म्हणून हे पत्रातच लिहितोय. तू एक दिवस आधी इकडे ये. रागावू नकोस, प्लगबद्दल एक अक्षर काढू नकोस. गाडी मी चालवतो. तू मागे त्यांच्या शेजारी बस आणि त्यांचा हात धर. ते "सोड" म्हणतील. सोडू नकोस.