चाळीस ते साठमधली थरथर

४ जून
नवी पिकअप दारात आली. मोरूकाकाने नारळ फोडला. कंपनीतली नोकरी सोडली ती चूक नव्हती, हे आता सगळ्यांना दिसेल. विनेशशेठच्या गणपतीच्या कारखान्याचं सीझनभराचं काम जवळजवळ पक्कं. पेणहून नागाव, किहीम, पार म्हसळ्यापर्यंत मूर्ती पोचवायच्या. बायको म्हणाली, आधी काम पक्कं करतात, मग गाडी घेतात. कल्पिताला बिझनेस समजायला वेळ लागेल.

७ जून
चाळीसच्या पुढे गाडी थरथरते. साठनंतर थरथर थांबते. नवी आहे, अंग मोकळं करत असेल.

१२ जून
सर्व्हिस सेंटर. तिथला साहिल चांगला मुलगा आहे, सर म्हणतो. व्हील बॅलन्सिंग केलं आणि म्हणाला, सर, आता एकदम मक्खन. वडखळपर्यंत मक्खनच होती, पण तिथवर ट्रॅफिक होतं. पुढे रस्ता मोकळा मिळाला आणि परत सुरू. आरशात मागचा एक टेम्पो दोन दिसतो.

२० जून
साहिल म्हणतो, रस्ता खराब आहे. पटलं. खात्रीसाठी शेजारच्या कमलेशची जुनी खटारा पिकअप त्याच रस्त्याने चालवली. हलली नाही. जुन्या गाडीला रस्ता पाठ असतो.

२ जुलै, रात्री
शेठने ट्रायलला पाच मूर्ती दिल्या. पेंढ्यात नीट बसवल्या. नागावला उतरवताना एका मूर्तीचं बोट निखळलेलं. आधीच सैल असणार. शेठला उपाय सुचवला, साठच्या वर पळवली की अजिबात हलत नाही. शेठ म्हणाला, देव हायेत ते, सुके बोंबील न्हाय. थरथर घालवून ये. मी थांबेन, गणपती थांबणार न्हाय.
संकल्प: उद्या साहिलशी कडक बोलायचं.

३ जुलै
साहिलशी बोललो. कडक जमलं नाही. घसा बसलाय.

१५ जुलै
पुढचे टायर मागे, मागचे पुढे. आता थरथर स्टिअरिंगऐवजी सीटखाली येते. प्रगती आहे. पाठ दुखते.

२६ जुलै
येसूआत्याला दवाखान्यात सोडलं. वाटेत तिने कवळी काढून रुमालात बांधली. उतरल्यावर म्हणाली, गाडी हाय का गिरण? वय झालंय तिचं.
साहिल आता फोन उचलत नाही. सीझन असेल त्यांचा.

३ ऑगस्ट
शेवटी साहिलचाच फोन. परवा कंपनीचा इंजिनियर मुंबईहून येतोय. थरथर त्याला जाणवली की पार्ट बदलून मिळणार. म्हणजे शेठचं काम अजून हातात आहे. एकट्याच्या शब्दावर इंजिनियर विश्वास ठेवणार नाही. साक्षीदार नेतो. कल्पिता म्हणाली, एकटेच जा. तिला गावकीची ताकद ठाऊक नाही.

५ ऑगस्ट, दुपार
बाराजण आले, येसूआत्या धरून. सगळे मागे हौद्यात. कमलेशने दळायचं म्हणून तांदळाची दोन पोतीही टाकली. नाही कसं म्हणणार? इंजिनियर माझ्या बाजूला.
चाळीस. पन्नास. पंचावन्न. गाडी होडीसारखी शांत. मी म्हणत राहिलो, थांबा साहेब, आता येईल. आली नाही. येसूआत्या उतरली आणि कौतुकाने म्हणाली, आज किती गुणाची चालली ओ साहेब. त्याने टॅबवर लिहिलं, तक्रार आढळली नाही. सगळ्यांना उतरवून पुन्हा दाखवतो म्हटलं, तर त्याला महाडला जायचं होतं.
एकटा परत आलो. चाळीसला सुरू.

५ ऑगस्ट, रात्री
कल्पिता म्हणाली, एवढ्या माणसांच्या वजनाने गाडी दबली, मग हलेल कशी? मला ते माहीत होतं. बोललो नाही इतकंच.

१२ ऑगस्ट
इंजिनियरचा रिपोर्ट प्रिंट करून शेठकडे नेला. कंपनीच म्हणते, थरथर नाही. शेठने पूर्ण वाचला. म्हणाला, मग मूर्ती ह्या कागदावर ठेवून ने. सगळं काम कमलेशच्या खटाऱ्याला गेलं.
वाईट वाटलं. जेवलो नाही. पुढच्या वर्षी बघू.

२६ ऑगस्ट, संध्याकाळ
आमच्या घरची मूर्ती आणायला दोघं कारखान्यात गेलो. सकाळीच हौद्यात पेंढा पसरला होता, वर नवी गादी. आपला गणपती आपल्या गाडीतून येणार, हे मी जूनपासून सगळ्यांना सांगत होतो.
शेठने मूर्ती हातात दिली. मी फाळका उघडलेल्या पिकअपपर्यंत गेलो आणि तिथेच उभा राहिलो. मागे लोक खोळंबले. हात पुढे होईना. माझाच माझ्या गाडीवर विश्वास नव्हता.
मग मीच रिक्षा थांबवली. कल्पिता मूर्ती मांडीवर घेऊन बसली. मी मागून पिकअप घेऊन आलो.
मोरूकाका दारातच होता. म्हणाला, घरची पिकअप असताना रिक्षा कशाला रे?
म्हटलं, काका, पिकअप भाड्यावर गेलीय.
ती आमच्या दोघांच्या मधेच उभी होती.