सोळा म्हणजे नाही

४ मार्च
नव्या खोलीत पाऊल टाकलं आणि कानात चौथीचा वर्ग घुमला. सगळे मिळून कविता म्हणायचो. पुढच्या बाकावरून सुटलेली ओळ मागच्या बाकावर अर्धा श्वास उशिरा पोचायची, कधी एखादा शब्द वाटेत सांडून. मास्तर चिडायचे; मला ती हेलकावे खात येणारी ओळच गोड वाटायची.

इथलं कामही तसंच. वस्तीत तीनशे घरं, प्रत्येक घरावर बिनतारी पेटी, पेटीला लाल बटण. एकट्यादुकट्या म्हाताऱ्यानं ते दाबलं की निरोप पेटीवरून पेटीवर उड्या मारत या खोलीत येतो. ठरलेला रस्ता नाही. प्रत्येक पेटी शेजारच्या पेट्यांना विचारते, तुझ्याकडून किती टप्पे? जिथून कमी, तिथं निरोप सोपवते. वारा फिरला की वाटाही फिरतात. भिंतीवरच्या तक्त्यात घराघराचा दिव्याचा ठिपका आणि खाली टप्प्यांचा आकडा. नऊ ते पाच तो पाहायचा, बटण वाजलं की माणूस धाडायचा. तारखात्यात हयात गेलेल्याला आणखी काय हवं!

६ मार्च
ताईकडे जेवलो. खरं तर तिच्यासाठीच इथं आलो. हृदय अधू, दोन वर्षं चाकाच्या खुर्चीत. जीभ मात्र धडधाकट. म्हणाली, "कवी, तुला स्वतःच्या घरची वाट सापडत नाही, आणि तू लोकांच्या निरोपांना वाट दाखवणार?" एकत्र राहू म्हटलं तर म्हणे, रोज तुझं पाठांतर कोण ऐकणार. तिचं घर दोनशे नऊ. आकडा चार. येताना तेवढा पाहून आलो.

७ मार्च
तक्त्यावर दोनशे बाराखाली सोळा दिसतात. इंजिनियर बाईंना विचारलं. त्या हसल्या. पेटी बंद पडली तरी शेजारच्या पेट्या लगेच मानत नाहीत. ही म्हणते तिला ठाऊक, ती म्हणते हिला ठाऊक, आणि अफवेगणिक आकडा चढत जातो. शेवटी सोळाला थांबवायचा. "काका, सोळा म्हणजे नाही," म्हणाल्या. नाव तेवढं यादीतून काढायचं राहिलंय.

दोनशे बारात एक घड्याळजी राहायचे. भर दुपारी त्यांनी बटण दाबलं. वाटा डळमळत होत्या. दोन पेट्यांनी तो निरोप चाळीस मिनिटं एकमेकींकडे टोलवला. इथं पोचलाच नाही. ते तसेच गेले. त्यांची पेटी उतरवून आमच्याच कपाटात ठेवली आहे. बॅटरी काढलेली.

९ मार्च
दोनशे बाराखाली पंधरा.
बाई म्हणाल्या, जुनी अफवा असेल. नाव यादीतून खोडलं.

१२ मार्च
नाव परत आलं आहे. आकडा बारा. रोज एक उतरतो. अफवेचा आकडा चढतो, उतरत नाही, असं बाईच म्हणाल्या होत्या. आज त्या हसल्या नाहीत. कपाट उघडून पाहिलं. पेटी तिथंच, थंड.

१५ मार्च
नऊ. आसपासच्या अकरा घरांचे निरोप, त्यांचा स्वतःचा आकडा कमी असूनही, आता दोनशे बारामधून जातात. ती म्हणते, माझ्याकडून जवळ. बाकीच्या विश्वास ठेवतात. चाचणीसाठी त्यातल्या एका घरचं बटण दाबायला लावलं. इथं काहीच वाजलं नाही.

१९ मार्च
पाच. ताईची वाटही तिकडूनच.
बाईंना विनवलं, निदान तिची वाट खिळवून ठेवा. त्यांनी खिळवली. दुपारी जेवून आलो तोवर पुन्हा दोनशे बारामधून.
ताईला म्हटलं, माझ्या खोलीवर चल. म्हणाली, मेलेल्या पेटीला भिऊन मी घर सोडू? लहानपणी अंधाराला भ्यायचास, आता दिव्यांनाही भितोस.

२१ मार्च
तीन.
डोळे मिटून एक जुनी कविता म्हणायला घेतली. दुसऱ्या कडव्यात कुणीतरी मागून — अर्धा श्वास उशिरा —
खोलीत मी एकटा.

२२ मार्च
दोन. तीनशेही वाटा तिकडूनच. तक्ता म्हणजे नुसतं कोळ्याचं जाळं. उद्या बाई सगळ्या पेट्या बंद करून पुन्हा चालू करणार. त्या खांबांवर असतील, म्हणजे खोली मला सोडता येणार नाही. ताईला दर तासाला फोन करायचं ठरवलं.

२३ मार्च, सकाळ
एक.
एक म्हणजे मधे कुणी नाही. लगतचं. भिंतीपलीकडचं.
ताई फोनवर म्हणाली, सकाळपासून घड्याळाची टिकटिक ऐकू येते. तिच्या घरात टिकटिकणारं घड्याळ नाही.

दुपार
ताई फोन उचलत नाही.
तिचा आकडा चढतोय. सात. नऊ. बाईही उचलत नाहीत —
बारा.
खोली गेली खड्ड्यात, मी निघतो. चप्पल —
सोळा.

दार वाजलं. काचेतून दिसते. ताई. खुर्ची नाही. स्वतःच्या पायांवर उभी, दमलेलीसुद्धा नाही —
मागे कुणीतरी आहे.
म्हणते, "कवी, उघड ना. यांनी मला जवळची वाट दाख