बोचक्याच्या डोक्याची रुंदी

३ मार्च, सोमवार
ठरलं. कायदा बदलायचा.
पलीकडच्या गल्लीतल्या घड्याळवाल्याचं कुत्रं काल नगरपालिकेने नेलं. चावलं नव्हतं, गुरगुरलं नव्हतं. नुसतं डोकं रुंद. नियमात पाच मापं आहेत: डोकं, जबडा, छाती, उंची, वजन. तीन भरली की कुत्रं धोकादायक. घड्याळवाला रिकामा पट्टा हातात धरून दुकानाच्या पायरीवर बसला होता. बघवलं नाही.
माझं बोचकंही याच मापाचं. (रस्त्यात सापडलं तेव्हा कोणीतरी टाकलेल्या बोचक्यासारखं दिसत होतं, म्हणून बोचकं.) पण त्याची नोंदणीच नाही, त्यामुळे सरकारला पत्ता नाही.
खरमरीत अर्ज लिहिला. जिवंत उदाहरण हवं म्हणून बोचक्याची मापं, फोटो आणि ताईच्या घराचा पत्ता दिला. परिणाम व्हावा म्हणून डोकं दोन बोटं वाढवलं. ताई म्हणाली, अरे, स्वतःचंच कुत्रं कशाला दाखवतोस? तिला चळवळ कळत नाही. भाऊजी म्हणाले, हात दाखवून अवलक्षण. भाऊजी लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांची झेप वर-खाली, एवढीच.

७ मार्च, शुक्रवार
चार दिवसांत सरकार दारात! हातात माझा अर्ज, गळ्यात टेप. टेपवाला भला माणूस. म्हणाला, सगळे तुमच्यासारखे असते तर आम्हाला गल्लीबोळ धुंडाळावे लागले नसते. पाचपैकी चार मापं भरली. बोचकं त्याचा हात चाटत होतं. फॉर्ममध्ये चाटण्याला रकाना नाही.
अठ्ठावीसला सुनावणी. तोवर बोचकं बंद खोलीत, सोबत सतत एक जबाबदार माणूस. तोंडाला जाळी लावून दिवसातून दोनदा पाव तास बाहेर. तपासणी न सांगता. सुनावणीला डॉक्टरचा दाखला, तीन शेजाऱ्यांच्या सह्या आणि एक योग्य सांभाळणारा हवा. नाहीतर कायमचं झोपवायची सुई. दुखत नाही हो, असं तो माझ्याकडे न बघता म्हणाला.
ताई स्वयंपाकघरात नळ सोडून बराच वेळ उभी होती. मी धीर दिला. एकवीस दिवसांत कायदाच उरणार नाही, मग दाखले कशाला?

९ मार्च
ताईची शिवणकामाची खोली. आठ बाय दहा. मशीन, पडद्यांचे तागे, इस्त्रीचं टेबल, बोचकं, मी. नव्या कायद्याची चाळीस कलमं. रोज दोन-तीन. गणित आरामात बसतं.
कलम १: कुत्र्याचं डोकं न मोजता स्वभाव बघावा.
झकास. मग शिलाई मशीनचं माहितीपुस्तक वाचलं. बॉबिन उलटी बसवली तर काय होतं हे फार थोड्यांना माहीत असतं.

१२ मार्च
कलम १ मध्ये ‘बघावा’ खोडून ‘तपासावा’ केलं.
खोली सहा पावलांची. वळलं की परत सहा. मी तीन वर्षांत नऊ गावं, सात नोकऱ्या पालथ्या घातलेला माणूस. बोचकं मजेत घोरतंय. कैद नक्की कोणाला झालीय?
ताईने विचारलं, डॉक्टरला फोन केलास? म्हटलं, परवा नक्की.

१५ मार्च
खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई सही द्यायला स्वतःहून वर आल्या, पेन उघडूनच. नुसती सही घेणं म्हणजे त्यांच्या बुद्धीचा अपमान. सगळी नियमावली समजावली. सव्वा तास. इतक्या भारावल्या की सही न करताच उठल्या. भाऊजी म्हणाले, चालून आलेली सही घालवायलाही अक्कल लागते, साहेब. ‘साहेब’ ते एरवी म्हणत नाहीत.

१८ मार्च, सकाळी ७
कोंडून घेऊन कायदा लिहिणं म्हणजे काठावर बसून पोहायला शिकणं. शेजारच्या शहरात कुत्र्यांचे नियम वेगळे आहेत म्हणे. अभ्यासदौरा! संध्याकाळी परत. ताईला उठवलं नाही, चिठ्ठी ठेवली. बोचक्याने एक डोळा उघडला, मिटला. समजूतदार.

२१ मार्च
परत. दौरा जरा लांबला. बसमध्ये मोठाले तंबू उभारणारी मंडळी भेटली, त्यांना माणसं कमी पडत होती. नियमांचं ऑफिस बाहेरून पाहिलं. बंद होतं.
भाऊजी रजा टाकून खोलीत बसलेले. कुत्र्याच्या केसांनी त्यांना शिंका येतात, डोळे लाल. टेपवाला दोनदा येऊन गेला. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या, सह्याही झाल्या. एकदा दिशा दिली की माणसं कामाला लागतात.
ताई दिवसभरात एकच वाक्य बोलली: तीन दिवस दाराकडे तोंड करून बसलं होतं रे ते.
आता एक पाऊल हलणार नाही. शपथ.

२५ मार्च
हललो नाही. फक्त रिफिल आणायला खाली गेलो, तिथे दोन पोरं कॅरमवर भांडत होती, न्याय करावा लागला. नेमका तेव्हाच टेपवाला. योगायोग माझ्या मागे हात धुऊन लागलेत.

२८ मार्च, दुपार
सुनावणी. अध्यक्षबाई म्हणाल्या, तुमचं कलम पटलं. यापुढे नुसतं माप नाही, स्वभावही तपासू.
कायदा बदलला! मी ताईकडे बघितलं. ती बोचक्याकडे बघत होती.
टेपवाल्याने खुर्ची पाडली, डबा बडवला, बोचक्याच्या तोंडातलं बिस्किट काढून घेतलं. बोचकं शेपूट हलवत राहिलं. पास.
मग बाई म्हणाल्या, आता सांभाळणाऱ्याचाही स्वभाव तपासू. टेपवाल्याने वही वाचली. भेटी सहा. मी हजर दोनदा, त्यातल्या एकदा झोपलेला. मी उठून कलम १ पासून बोलू लागलो. बाईंनी विचारलं, या पत्त्यावर किती दिवस राहणार? म्हटलं, बघू. त्यांनी तेवढंच लिहून घेतलं.
टेपवाला टेप गुंडाळत बसला. तेवढ्यात भाऊजी शिंकले, रुमाल खिशात कोंबला, म्हणाले, माझ्या नावावर करा.
निकाल: कुत्रं धोकादायक नाही. सांभाळणारे, भाऊजी. अर्जदारास कुत्र्यासोबत एकटं सोडू नये.

२८ मार्च, संध्याकाळी ७
बोचकं फिरून आलं, पाणी प्यायलं आणि भाऊजींच्या खुर्चीखाली झोपलं. भाऊजी शिंकांवरचं औषध आणायला गेलेत. मला त्याच्या जवळ बसायचंय, पण सोबत कोणीतरी हवं. ताईला हाक मारली. ती म्हणाली, थांब, एवढी शिवण संपवून येते.
पडदा लांबलचक आहे. मी दारात उभा आहे.