झोपलेल्या मुलीचा फोटो

राजापेठ, अमरावती
१२ एप्रिल २०२५

चि. सौ. सीमा हिला अनेक आशीर्वाद.

तुझा फोन बंद, माझ्या भावाचा, भगवंताचाही बंद. म्हणून शेवटी कागद काढला. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी गिरवून घेतलेलं माझं अक्षर अजून लागतं का, बघ.

देवश्री मला न सांगता माझ्या घरातून निघून अकोल्याच्या बसमध्ये बसली, त्याला आज आठ दिवस झाले. रुसली असेल, असं आधी वाटलं. तुझीच लेक, हट्टाला कमी नाही. पण एवढे दिवस? इथल्या क्लासचे सर विचारतात. खिडकीजवळच्या खाटेवर तिची केमिस्ट्रीची वही उघडी पडली आहे, मी पान मिटलेलं नाही. माझ्या भाचीला काय झालं ते लिही. माझं काही चुकलं असेल तर तेही लिही.

आशीर्वाद आहेतच, तुझीही माया राहू दे.

साधना

अकोला
१९ एप्रिल २०२५

ती. साधनाताईंना शि. सा. न.

फोन आम्ही मुद्दाम बंद ठेवलेत. मेसेजचा आवाज झाला की पोर दचकते. हे सारखं म्हणत होते, पोरीले काही इचारू नको, बोलन ते आपोआप. परवा बोलली.

मार्चमध्ये एका दुपारी ती पुस्तकावरच झोपली होती. केसांना तेल, तोंड उघडं. तुम्ही कौतुकाने फोटो काढून स्टेटसला ठेवला, आमच्या डॉक्टरीणबाई दमल्या म्हणून. तुमच्या शेजारची वर्षाली तिच्याच क्लासमध्ये आहे ना? तिने आईच्या फोनवरून तो घेतला. मुलांच्या ग्रुपवर त्याचं स्टिकर झालं. देवश्रीने शंका विचारली की उत्तरात ते तोंड. कोणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, तरी तेच. मग कोणी त्याला घोरण्याचा आवाज जोडला. शेवटी कोणी हार घालून खाली तारीख टाकली.

ताई, पुढचं लिहायला हात होत नाही, पण तुम्ही विचारलंत. तिने तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही कैऱ्या चिरत होता. गंमत असते गं, मनाला लावून घेऊ नकोस, असं हसून म्हणालात. त्यानंतर तिने कोणालाच सांगितलं नाही.

आता ती तोंडावर ओढणी ओढून झोपते. अकोल्याच्या या उन्हात.

तुमच्यावर राग नाही. आमच्यावरची माया आटू देऊ नका.

आपली,
सीमा

राजापेठ, अमरावती
३० एप्रिल २०२५

चि. सौ. सीमा हिला अनेक आशीर्वाद.

आठवलं. कैऱ्याही आठवल्या. हातातली कैरी खाली ठेवून तिच्या फोनकडे एकदा बघायचंही मला सुचलं नव्हतं.

आमच्या शाळेत डबा खाल्ल्यावर सिस्टर बाकावर डोकं टेकवायला लावत. चंदा नावाची मुलगी तोंड उघडून झोपायची. एकदा मी तिच्या जिभेवर खडू ठेवला. सगळा वर्ग हसला. देवश्री सांगत होती तेव्हा मला तो खडू आठवला आणि मी हसले. पण सीमा, चंदाला संध्याकाळी घर होतं, तिथे हे कोणाला ठाऊक नव्हतं. देवश्रीला माझं घर होतं, आणि तिथूनच ते निघालं.

मी वर्षालीकडे गेले. पोर रडली, फोन पुढे केला. काही पुसण्याआधी सगळं माझ्या फोनमध्ये जपून घेतलं आणि क्लासच्या सरांपुढे ठेवलं. ते म्हणाले, पोरांची मस्ती आहे. मी खुर्चीवरून उठलेच नाही. शेवटी त्यांनी हे करणाऱ्या तिघांच्या आईवडलांना बोलावलं, तो ग्रुप बंद झाला. पण फोटो आणखी किती फोनांत गेला, हे सरांना सांगता येत नाही, मलाही नाही.

मुलांच्या माफीच्या चिठ्ठ्या बंद पाकिटात पाठवते. उघडायच्या की नाही, ते तिने ठरवावं. माझी माफी मात्र वेगळी मागते. तिने मला एकच वाक्य लिहावं, शिवी असली तरी चालेल.

तुझ्या मायेला मी पात्र आहे का, कळत नाही, तरी मागते.

साधना

अकोला
९ मे २०२५

ती. आत्यास सा. न.

चिठ्ठ्या उघडल्या नाहीत. फेकल्यापण नाहीत.

मी परत येणार नाही, इथेच क्लास लावते. बाबा तिकडे आले की माझी पुस्तकं त्यांच्याजवळ दे. केमिस्ट्रीची वही मिटून ठेव, उन्हाने पानं पिवळी पडतात.

तू सरांपुढे बसून राहिलीस, ते आईने वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, माही बहीण लहानपणापासून अशीच आहे, उठत नाही म्हणजे नाही. मला बरं वाटलं. पण आत्या, त्या दिवशी तू फक्त, दाखव बरं, एवढं म्हणायला हवं होतंस. मी स्वयंपाकघराच्या दारात फोन हातात धरून बराच वेळ उभी होते.

काल दुपारी वीज गेली. फार उकडलं, म्हणून ओढणी काढून झोपले. आई उशाशी बसून पुठ्ठ्याने वारा घालत होती.

झोपण्याआधी मी तिला विचारलं, तुझा फोन कुठे आहे.

तुझ्यावर लोभ आहे. थोडे दिवस असं पत्रातूनच भेटू.

तुझी,
देवश्री