पेशी शांत आहेत

४ जानेवारी
सरांनी आज सगळ्या प्रयोगशाळेला चहा पाजला. स्वतःच्या खिशातून! म्हणजे काहीतरी अघटित घडलं असणार.

घडलं ते असं. मेंदूत पहारा करणाऱ्या पेशी असतात — मायक्रोग्लिया. त्या आम्ही प्लेटमध्ये वाढवतो आणि जंतूंचं विष घालून चिडवतो. बाहेरून टोचणी लागली की आत एक प्रथिन दुसऱ्याला चिमटा काढतं, दुसरं तिसऱ्याला. निरोप केंद्रकापर्यंत पोचला की पेशी दाह पसरवणारी द्रव्यं ओकायला लागते. आमच्या जिन्यातल्या भांडणांचीही हीच रीत. तर सरांच्या लाडक्या मुळीची पावडर घातली आणि सगळं चिडीचूप. दाह जवळजवळ शून्य.

सर म्हणाले, आपण इतिहास घडवतोय. पिपेट माझ्या हातात होतं, फोटो सरांचा निघाला.

७ जानेवारी
दादाकडे गेले होते. त्याच्या दुखण्यात हाच घोळ आहे: शरीराचे पहारेकरीच मज्जातंतूंची वेष्टणं कुरतडतात. डावा पाय ओढत, काठी टेकत चालतो. महिन्याला एक इंजेक्शन असतं, म्हणून दुखणं तिथल्या तिथे थांबलंय. पण मग दोन दिवस ताप, आणि तिसऱ्या दिवशी वहिनीवर आगपाखड.

वहिनीने विचारलं, तुमच्याकडे नवीन काय चाललंय? मला तेवढंच हवं होतं. मुळी, प्लेटा, शून्य दाह — सगळं सांगून मोकळी झाले. तिने मुळीचं नाव दोनदा विचारून घेतलं. या घरात आजवर मी ‘उंदीर कापणारी’ होते. आज पहिल्यांदा शास्त्रज्ञ झाले. छान वाटलं, खोटं कशाला बोलू?

१८ फेब्रुवारी
मुळीवरचा आमचा शोधनिबंध विज्ञान-मासिकाकडे गेला होता. परीक्षकाने एकाच ओळीत विचारलंय: पेशी जिवंत होत्या का?

सर भडकले. मत्सरी माणूस आहे म्हणे.

१९ फेब्रुवारी
ही तपासणी सरांनी ‘वेळखाऊ’ म्हणून गाळली होती. आज मी गुपचूप केली. मेलेली पेशी निळा रंग आत घेते, जिवंत पेशी घेत नाही. सोपं काम, वीस मिनिटांचं.

दहांतल्या नऊ निळ्या.

मेल्या आहेत! दाह कुठून करणार? मढं कधी भांडतं का? पावडर कमी केली तर पेशी टुणटुणीत — आणि पहिल्याइतक्याच चिडलेल्या. म्हणजे आमचं औषध एक तर काहीच करत नाही, नाहीतर थेट जीव घेतं.

२१ फेब्रुवारी
सरांनी तोडगा काढला. जिवंत पेशींचा तक्ता कमी मात्रेचा द्यायचा, दाहाचा तक्ता जास्त मात्रेचा. नवरा एका लग्नातला, नवरी दुसऱ्या लग्नातली, आणि वरातीत आम्ही नाचायचं.

हे खोटं आहे, असं मी तोंडावर सांगितलं. सर अगदी मायेने म्हणाले, “खोटं कुठलं? दोन्ही आकडे खरेच आहेत.” मग चष्मा पुसत विचारलं, तुमची नेमणूक महिनाअखेरीला संपते ना?

निबंधावर सही केली. अक्षर फार सुरेख आलं.

१ मार्च
खरं काय ते सांगायचंच, असं ठरवून दादाकडे गेले. दार त्यानेच उघडलं. हातात काठी नाही! म्हणाला, पाय हलका वाटतोय. वहिनी हसत होती. तिला असं हसताना मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

जेवताना तिने विचारलं, “तुमची ती पावडर खरंच चांगली आहे ना?”

मी म्हटलं, हो, निकाल चांगले आहेत.

येताना रस्ताभर स्वतःची समजूत घालत होते. इंजेक्शन तर चालूच आहे त्याचं. थोडी आशा असली तर कुणाचं काय बिघडतं? सरांना ढोंगी म्हणायला मात्र मी कायम पुढे.

२६ मार्च
निबंध स्वीकारला गेला. नेमणूक वाढली. पुन्हा चहा.

३ मे
दादा इस्पितळात आहे. दोन्ही पाय हलत नाहीत, डोळे पिवळेजर्द. डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा बाहेर आलं: जानेवारीपासून इंजेक्शन बंद, आणि बाजारातून आणलेली त्याच मुळीची पावडर दिवसातून दोनदा. मार्चपासून तीनदा.

मी वहिनीवर ओरडले. एवढं सगळं केलंत, कुणाला विचारावंसं नाही वाटलं?

ती म्हणाली, “तुला विचारलं होतं ना.”