त्सुजिमोरीबाईंची धाप

३ ऑक्टोबर २०२४

सुजयने आज पुन्हा तीन वाक्यं परत पाठवली. "प्रेमलाताई, वाक्याआधी श्वास ऐकू येतोय. तेवढा काढा." काढा म्हणे! पोह्यातली मिरची आहे का? तो श्वास माझा नाहीच. त्सुजिमोरीबाईंचा आहे. मूळ जपानीत त्या लांब वाक्याआधी धाप टाकतात, म्हणून मराठीत मी टाकते. डबिंग म्हणजे दुसरं काय असतं? समोरच्याने केलं ते करायचं, फक्त आपल्या भाषेत. बावीस वर्षं तेच करते आहे.

तो मुंबईत थंडगार स्टुडिओत बसून माझं रेकॉर्डिंग तपासतो. मी इथे रत्नागिरीत, भावाच्या घरी, कपाटात. अभयने फळ्या काढून दिल्या, आतून गोधड्या ठोकल्या. दार लावलं की मी कार्टूनमधला नऊ वर्षांचा गेंकू. दार उघडलं की चौसष्ट वर्षांची आत्या.

वाक्यं पुन्हा केली. श्वासासकट.

५ ऑक्टोबर

रेकॉर्डिंग साडेदहानंतरच. त्याआधी गंगुबाई मासे घेऊन येते आणि तिच्या आवाजापुढे गोधड्यांचं काही चालत नाही. आज सौंदाळे घ्यायला खाली उतरले. पाटी डोक्यावरून उतरवायच्या आधीच ती सुरू झाली —

"अगो बाय, चार पायऱ्या उतारलंस नि केवढ्या धापा टाकतंस! माज्या डोक्यावर पाटी हाय, मी टाकतंय काय?"

म्हटलं, कामाचा भाग आहे.

"असला कसला गो काम, कपाटात बसून?"

कल्ले उघडून बघितले. सौंदाळे ताजे होते.

९ ऑक्टोबर

बाईंबद्दल एकदा लिहून ठेवावं. मी त्यांना कधी भेटलेले नाही. फोटो एकच पाहिलाय — आखूड केस, मोठा चष्मा, माईकसमोर कमरेवर हात.

किनुए त्सुजिमोरी. पुढच्या वर्षी ऐंशीच्या होतील. गाव मासेमारीचं. आधी एका मोठ्या दुकानाच्या लिफ्टमध्ये मजले पुकारायच्या. मग रेडिओ. मग कार्टून. पहिली भूमिका कावळ्याची, दुसरी त्याच कावळ्याच्या आईची. पन्नाशीला टेकल्यावर गेंकू मिळाला — बंदरावर राहणारा, शाळा बुडवणारा, माशांच्या लिलावात नाक खुपसणारा कारटा — आणि तोच आयुष्याला पुरला. कंपनीने पहिल्या वर्षी वाटलेल्या माहितीपत्रकात एवढंच होतं.

बाकीचं मला त्यांच्या आवाजातून कळलं. हेडफोनमध्ये बाई असतात आणि मी त्यांच्या मागून जाते. इतकी वर्षं एखाद्याच्या मागून चाललं की चाल कळतेच. एका वर्षी त्यांचा 'स' सैल झाला — कवळी! मीही त्याच सुमारास कवळी बसवली होती, म्हणून लगेच ओळखलं. २०१४ साली तीन-चार भाग गेंकू हसायचा, पण पोटातून हसायचा नाही. मला तेव्हाच कळलं की बाईंचा नवरा गेला. आमचे हेही त्याच वर्षी गेले. अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

आणि आता दोन सीझन झाले, धाप लागतेय. म्हातारपण. दुसरं काय?

१२ ऑक्टोबर

विजयादशमी. विहारात गर्दी. त्रिसरण-पंचशील दर वर्षी माईकवर मीच म्हणते, बाकीचे मागून. आज तिसऱ्या शीलापाशी थांबावं लागलं. श्वास आत जाईचना. सगळं विहार माझी वाट बघत बसलं. मग चौथ्यालाही थांबले.

केरूदादा अध्यक्ष आहेत. नंतर म्हणाले, "यंदा लय शांतपणे घेतलंस हो प्रेमला. नायतर तुला घाय असते."

बाईंची सवय अंगात शिरलीय, तशी विहारातही येणारच. लंगड्याचं काम करणारे नट घरीही लंगडत चालतात म्हणे.

२१ ऑक्टोबर

सुजय फोनवर — "ताई, मूळ ट्रॅक मी पुन्हा ऐकला. त्यात तो श्वास नाहीये."

म्हटलं, तू स्पीकरवर ऐकतोस. हेडफोन लाव, डोळे मीट.

"हेडफोनच लावलेत."

मग मीच कपाटात गेले. दार लावलं, हेडफोन घातला, भाग सुरू केला. स्पष्ट! वाक्य यायच्या आधी छातीतून ओढलेला, शेवटी बारीक शिट्टी असलेला श्वास. तीनदा ऐकलं. तीनही वेळा.

तेजलला बोलावलं. ही अभयची मुलगी, बँकेत असते, कान तीक्ष्ण. तिने ऐकलं आणि म्हणाली, "आत्या, काहीच नाहीये गो." मग माझ्याकडे जरा विचित्र बघितलं. बँकेतल्या माणसांना नाण्यांचा आवाज कळतो, माणसांचा नाही.

८ नोव्हेंबर

वाईट बातमी. गेंकूचा मोठा सिनेमा येतोय आणि कंपनीतले वरचे लोक म्हणतात, मराठीतला गेंकू दमल्यासारखा वाटतो. नवीन आवाज बघू या. सुजय चाचरत सांगत होता. पोरगा वाईट नाही.

मी म्हटलं, बाई आहेत ना अजून? बाई आहेत तोवर मी. बाई दमल्या तर गेंकू दमणार. बाई थांबल्या की मी थांबेन, कुणी सांगायची गरज पडणार नाही.

फोन ठेवला. गेंकू गेला तर मी कोण? अभयच्या घरात राहणारी विधवा बहीण. ती आहेच मी. पण रोज दोन तास नसते.

९ नोव्हेंबर

रात्री विचार केला. बाई आजारी आहेत आणि हे त्यांच्या आसपास कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. मला इथे कपाटात कळतंय! सुजयला म्हटलं, जपानला निरोप धाड. मी सांगते तसा लिही — बाईंची छाती तपासून घ्या. यजमान गेल्यापासून त्यांच्याकडे बघणारं कुणी आहे का? कवळीही एकदा दाखवा, सैल कवळीने धाप वाढते.

"ताई, एवढं सगळं?"

सगळं.

"कंपनीमार्फत जाईल हां. सगळे वाचतील."

वाचू देत. जीव महत्त्वाचा.

६ डिसेंबर

अभय चैत्यभूमीला गेला. दर वर्षी मी जाते, यंदा तेजलने जाऊ दिलं नाही. "गाडीत चढताना बघितलंय मी तुला गेल्या महिन्यात." दिवसभर तिच्याशी बोलले नाही. ती बँकेतून आली ती वजनाचा काटा घेऊन. माझं वजन कमी झालंय म्हणे. काटा स्वस्तातला आहे.

१९ डिसेंबर

जपानहून उत्तर आलं. बाईंनी स्वतः सांगितलेलं, कुणीतरी इंग्रजीत केलेलं, सुजयने मराठीत वाचून दाखवलेलं. आठवतं तसं उतरवते —

चौकशीबद्दल आभार. प्रकृती उत्तम आहे. रोज सकाळी पोहते. दात माझे स्वतःचे आहेत. लग्न मी केलेलं नाही.

इथे सुजय थांबला. पुढे वाच म्हटलं.

परंतु इतक्या काळजीने कोण विचारतंय म्हणून उत्सुकता वाटली. मराठी भाग मागवून ऐकले. भाषा कळली नाही. श्वास कळला. तो माझा नाही. कृपया त्या बाईंना डॉक्टरांकडे न्या.

"ताई? ताई, आहात ना?"

आहे म्हटलं.

मग कपाटात गेले. हेडफोन लावला, भाग सुरू केला. या वेळी नाक दाबलं, तोंड मिटलं, आणि ऐकलं. काही नाही. स्वच्छ. ऐंशीला टेकलेली बाई खणखणीत बोलत होती. हात काढला — बाई लगेच आजारी.

२० डिसेंबर

दात त्यांचे स्वतःचे. म्हणजे 'स' माझाच सैल झाला होता.

आणि लग्न केलं नाही. म्हणजे २०१४ साली पोटातून हसत नव्हती ती मी. तेव्हा हे गेल्यावर मी पाचव्या दिवशी स्टुडिओत हजर झाले होते. सगळे म्हणाले, धीराची बाई. मलाही तसंच वाटलं. रडले नाही. बाईंच्या दुःखाने मात्र घरी येऊन रडायचे, गॅलरीत उभी राहून. आज ते सगळं आठवून पुन्हा रडले. या खेपेस यांच्यासाठी.

३ जानेवारी २०२५

तेजलने रजा टाकली, मला डॉक्टरकडे नेलं. नळीत फुंकायला लावलं. फोटो काढले. डॉक्टर तरुण, सरळ बोलणारा. फुप्फुसं आतून कडक होत चाललीत. बरं होणार नाही. गोळ्यांनी वेग कमी होईल. घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवा. बोलणं कमी करा.

"काम काय करता?"

मी नऊ वर्षांचा मुलगा आहे म्हटलं.

त्याने केसपेपरवर काहीतरी लिहिलं. बहुतेक दुसऱ्या डॉक्टरचं नाव. मग तेजलने समजावलं. तेव्हा तो खुर्चीत मागे टेकला आणि म्हणाला, "गेंकू? तुम्ही?" पुढचा पेशंट दार ढकलत होता तरी त्याने गेंकूची ती नेहमीची लांबलचक शिवी म्हणायला लावली. म्हटली. दोन श्वासांत.

१४ जानेवारी

कंपनीला कळवलं. लपवून काय करणार, ऐकू येतंच. वरच्यांनी छान शब्दांत सांगितलं की सिनेमात गेंकूची वाक्यं लांब आहेत, माझ्या तब्येतीला झेपणार नाहीत, आणि सानवी म्हणून एक मुलगी निवडायचं जवळपास ठरलंय. तिला गेंकूचं हसणं शिकवाल का?

नाही म्हणणार होते. हो म्हटलं. दुसऱ्या कुणी शिकवलं तर चुकीचं शिकवतील.

१६ जानेवारी

सानवी व्हिडिओवर आली. चोवीसची, नाकात मोरणी, हुशार. लहानपणी माझाच गेंकू बघून वाढलेली. एक वाक्य म्हणून दाखव म्हटलं. तिने धाप टाकली, शेवटी बारीक शिट्टीसुद्धा, आणि मग म्हणाली.

"बाळा, ती धाप कशाला?"

"ताई, गेंकू आता असाच बोलतो ना?"

सुजयही फोनवर होता.  तो म्हणाला, आता हिचीही काढायची का?

खूप हसले. हसताना खोकला आला, मग मशीन लावून बसले. मुलगी चांगली आहे. तिचा राग करता येत नाही, हाच त्रास आहे.

२ मार्च

आरे-वारेला गेलो, अभयच्या रिक्षाने. वरच्या वळणावर उतरून बसले. खाली वाळूत जायला मिळणार नाही हे माहीत होतं. समुद्र दिसला, पुरे. तेजलने खाली जाऊन फोनवर लाटांचा आवाज ऐकवला. वरूनही येत होता, पण तिला सांगितलं नाही.

कपाटाचं दार महिनाभर लागलेलं नाही. अभय म्हणतो, फळ्या परत बसवू का? अजून बसवल्या नाहीस हेच नवल, म्हटलं. मग म्हटलं, थांब.

१९ जून

सिनेमा लांबलाय म्हणे. जपानहून मूळ ट्रॅकच येत नाहीये. बाईंनी काही वाक्यं पुन्हा करायला घेतली, सुजयला एवढंच कळलं. ऐंशीच्या वर्षी पुन्हा! आणि रोज पोहतात. मत्सर वाटला. लिहून टाकते म्हणजे जाईल.

गेला नाही.

११ सप्टेंबर

ट्रॅक आला. सुजयने सकाळी काही न बोलता नुसता पाठवला. कपाटात गेले, मशीन बाहेर बंद केलं, एकेक वाक्य नाक दाबून ऐकलं, म्हणजे चूक नको.

या सिनेमात गेंकू पाठीवर माशांची टोपली घेऊन अख्खा डोंगर चढतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकही लांब वाक्य नाही. तीन शब्द, धाप. दोन शब्द, धाप. शेवटी बारीक शिट्टी. नाक दाबलेलंच होतं. बाईच धापा टाकत होत्या.

सुजयला फोन केला. तो म्हणाला, तुमच्या तब्येतीचं तिकडे कळलं होतं, सगळी वाक्यं बाईंनी स्वतः तोडून घेतली. आणि वरच्यांना तिकडून कळवलंय, मराठी आवाज बदलू नका. स्टुडिओत लोकांनी बाईंना विचारलं, हे कशासाठी? तर त्या म्हणाल्या —

"मराठीत बसलं पाहिजे."