तिसऱ्या पानावरचा प्रश्न

ता. ३ जून

चि. गिरणीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या तलावावर यंदा पोहायला शिकायला साठ मुलं आली आणि त्यातली चाळीस पाण्याला घाबरतात, हे वाचून हसलो. आई आणि तुझी वहिनी बऱ्या आहेत. माझ्या पोटाचं विचारू नकोस. न विचारताही सांगणारच आहे.

मंगळवारी कोर्टात एका बाईंची साक्ष मी टिपून घेत होतो आणि पोटात कळ आली. पाच मिनिटं दात आवळून काढली, मग उठलोच. स्टेनो उठला की काम थांबतं. परत आलो तर बाई रडत होत्या. मोठ्या मुश्किलीने बोलायला लागल्या होत्या बिचाऱ्या, त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिन्यातली ही चौथी वेळ. साहेब म्हणाले, ऑगस्टपर्यंत बघू, नाहीतर खाली रेकॉर्डच्या खोलीत बसा. तेवीस वर्षं ज्या कामाचा अभिमान बाळगला, तेच जाणार.

आता मुद्दा. फोनवर हे बोलवत नाही, आई शेजारीच असते. डॉक्टरबाई म्हणतात, माझ्या आतड्यातल्या जिवाणूंची घडी विस्कटली आहे. निरोगी माणसाच्या शौचातले जिवाणू गाळून घ्यायचे आणि नळीने माझ्या आतड्यात सोडायचे, अशा उपचाराची एक चाचणी त्यांच्याकडे चालू आहे. काहींना गुण येतो, काहींना नाही. खात्री कुणी देत नाही. दाता ओळखीचा चालतो. मी क्षणाचाही विचार न करता तुझं नाव सांगितलं. कोटाचं बटण गिळून दुसऱ्या दिवशी शाळेत गेलेली मुलगी तू, गिरणी हे नाव उगाच पडलं नाही. हसू नकोस, फार आशा लावून बसलोय. सोबत चार पानी अर्ज आहे, तो भरून वीस तारखेच्या आत पाठव.

लोभ आहे, तो माझ्या तक्रारींइतकाच वाढत राहो.

तुझा,
दादा

ता. ८ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

अर्ज मिळाला. मागून मागून मागितलंस तरी काय, म्हणून खूप हसले.

पण दादा, मला जमायचं नाही. तलावाचा हंगाम आहे, रजा मिळणार नाही. शिवाय माझंही पोट हल्ली पूर्वीसारखं राहिलेलं नाही. मावसभावाला विचार ना, तो दगडही पचवेल. अर्ज कोराच परत पाठवते, त्याच्या उपयोगी पडेल. आईला गुडघे शेकायला सांग. वहिनीला नमस्कार.

रागावू नये आणि लोभ कमी करू नये, एवढंच मागते.

गिरणी

ता. १३ जून

चि. गिरणीस आशीर्वाद.

मावसभावाने परवाच दाढेसाठी अँटिबायोटिक घेतलं, तो बाद. आणि तू खोटं बोलतेस. तलावाच्या ऑफिसात फोन करून विचारलं, तुझी अकरा दिवसांची रजा शिल्लक आहे.

वहिनी म्हणते, किळस वाटत असेल, समजून घ्या. मला नाही समजून घ्यायचं. तुझा पाय मोडला तेव्हा दीड महिना तुला पाठीवर घेऊन जिने चढलो, मला कसली किळस आली नव्हती. तुला आयुष्यात कधी काही झालं नाही, त्यामुळे दुसऱ्याचं दुखणं तुला कळायचं नाही. हे लिहायला नको होतं, पण खोडत नाही.

डॉक्टरबाई महिनाअखेरपर्यंत थांबतील. लोभाचं काय ते तू ठरव.

दादा

ता. १७ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र तलावाच्या काठावर उभ्याने वाचलं. मग मुलांना पाण्याबाहेर काढून घरी पाठवलं, त्यांच्यावर लक्ष ठेवणं मला शक्यच नव्हतं.

अर्जाची झेरॉक्स काढून मी आधी तिच्यावर भरून पाहिला. तिसऱ्या पानावर विचारलंय, मनाच्या आजारासाठी कधी औषध घेतलंत का? मी ‘नाही’ लिहिलं. खोटं लिहिलं. तीन वर्षं घेते आहे. गेल्या वर्षी सहा आठवडे प्रशिक्षणाला जाते म्हणून कळवलं, तेव्हा मी हॉस्पिटलात होते. दात घासायचंही बळ नव्हतं, जगणंच नकोसं झालं होतं. आता बरीच सावरले आहे.

हा प्रश्न कशाला, म्हणून माझ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पोटातल्या जिवाणूंचा मनाशी काही संबंध असावा अशी शंका आहे. सिद्ध झालेलं नाही, पण धोका नको म्हणून असे दाते घेत नाहीत. दादा, मी घाबरले. तुझं पोट सुधारायचं आणि माझं हे तुझ्यात शिरायचं. खरं लिहावं, तर कागद तुझ्याच हाती पडणार. म्हणून कोरा पाठवला.

हिला काही होत नाही, हे आपल्या घरात इतक्यांदा बोललं गेलंय, की झालं तेव्हा कुठल्या तोंडाने सांगू, कळेना. आजारी माणूस म्हणजे तू, हे ठरलेलंच होतं. हे रागाने लिहीत नाही. थोडं रागानेही लिहिते. किळस मात्र मला कधीच वाटली नाही.

आईला सांगू नकोस. लोभ उरला असेल, तर ठेवावा.

गिरणी

ता. २१ जून

चि. बहिणीस अनेक आशीर्वाद. आज गिरणी म्हणवत नाही.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मागच्या पत्रातलं ते वाक्य खोडायला हवं होतं. मला माफ कर. तुझ्या ऑफिसात फोन केला, तेव्हा पलीकडचा माणूस आपणहून म्हणाला होता, बाई आता बऱ्या आहेत हो. मला वाटलं सर्दीबिर्दी झाली असेल, आणि मी रजेचं विचारलं.

डॉक्टरबाईंना कळवलं, दाता नाही. कारण सांगितलं नाही. दुसरा मिळायला सहा महिने, कदाचित वर्ष लागेल. म्हणजे ऑगस्टपासून रेकॉर्डची खोली. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? पण तू ते ‘नाही’ तसंच पाठवलं असतंस आणि मी बरा झालो असतो, तर तुझं हे मला मरेपर्यंत कळलं नसतं.

शनिवारी सकाळच्या बसने येतो. पाच तासांत ती एकदाच थांबते. वहिनी काळजीत आहे आणि मी तर पुरता भेदरलोय. वाटेत उतरावं लागलं तर उतरेन, मागची गाडी धरेन, पण येईन. आईला काही बोललो नाही.

रजेचा अर्ज आज दिला. आजवर माझ्या प्रत्येक अर्जात माझंच पोट असायचं. या वेळी लिहिलं, बहिणीला बरं नाही. साहेबांनी सही करता करता विचारलं, काय होतंय त्यांना? म्हणालो, तेच विचारायला चाललोय.

लोभ आहेच. दार उघडावं, ही विनंती.

तुझा,
दादा